बुधवारची मोजणी

"हेमाताई, ह्या बश्या घासाय घेऊ का? का अजून ठिवायच्यात नुमाइशीला?"

दिवाळीची सुट्टी संपायला अजून एक दिवस होता. घरी आईने तिसरं स्थळ काढलं म्हणून तिच्याशी भांडून मी एक दिवस आधीच कॉलेजवर पळून आले होते. प्रयोगशाळेचं दार उघडं, खिडक्या उघड्या, आणि मोरीपाशी पदर खोचून गयाबाई बसलेल्या. पुढ्यात माझा घट्ट झाकणाचा डबा उघडा पडलेला आणि हातात काथ्या तयार.

"अगं बाई! त्या बश्या अजून आहेत? मी तर पार विसरले होते."

"विसरनार न्हाई तर काय! पंधरा दिस झालं. बगा तरी काय बाजार भरलाय."

मी वाकून पाहिलं आणि तशीच उकिडवी बसले. आमच्या त्या काचेच्या झाकणाच्या बश्यांत जेलीचा थर ओतलेला असतो, त्यावर चिमूटभर मातीचं पाणी पसरतात, आणि मातीतला एकेक जिवाणू वाढून त्याचा ठिपका दिसायला लागला की ठिपके मोजतात. त्या दिवशी त्या बश्यांत गुलाबी ठिपके होते, हळदीसारखे पिवळे होते, जांभळे होते, खसखशीएवढे बारीक होते, आणि जेलीत रुतून बसलेले खडूसारखे पांढरेही होते. चार वर्षांत मी असं काही पाहिलं नव्हतं. मी मोजायला लागले. रूपावरून तरी त्रेचाळीस प्रकार भरले. आणि आमच्या जिल्ह्याच्या मातीत तर जिवाणूंच्या सहाच जाती होत्या!

सहा हा आकडा डॉ. त्र्यंबक हुपरीकरांचा. ते आमचे विभागप्रमुख आणि माझे पीएच.डी.चे मार्गदर्शक. वीस वर्षं त्यांनी जिल्ह्यातली माती तपासली होती. नदीकाठची काळी असो की माळावरची मुरमाड, जाती सहाच. त्या सहांचे रंगीत तक्ते भिंतीवर होते, सहांवर त्यांचं पुस्तक होतं, आणि शेतकऱ्यांना द्यायच्या माती-पत्रिकेवर सहा रकाने छापलेले होते. पोरं पाठीमागे त्यांना षण्मुख म्हणायची. मीही म्हणायचे.

सरांची पद्धत ठरलेली. सोमवारी पेरायचं, बुधवारी मोजायचं. जेलीत मांसाच्या अर्काची पावडर भरपूर घालायची, बश्या सदतीस अंशांच्या पेटीत ठेवायच्या. सदतीसच का, तर पेटी मुळात एका दवाखान्यासाठी आलेली होती, माणसाच्या अंगातले जंतू वाढवायला, आणि तिचं बटण त्याच आकड्यावर अडकलेलं होतं. बुधवारच का, तर आमच्याकडे बश्या साठ, आणि गुरुवारी बी.एस्सी.च्या पोरांचं प्रॅक्टिकल. त्यामुळे बुधवारी दुपारी मोजणी झाली रे झाली की बश्या गयाबाईंच्या मोरीत. जिल्ह्याच्या मातीत किती जीव राहतात, हे अशा रीतीने पोरांच्या वेळापत्रकाने ठरवलेलं होतं, आणि वीस वर्षांत कुणाला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. मलासुद्धा.

माझ्याकडून वेगळं झालं तेही काही अकलेनं नाही. दिवाळीच्या तोंडावर पावडरीची बरणी तळाला गेली आणि भांडारपाल सुट्टीवर. मग आयत्या वेळी पाहुणे आले की आई आमटीत पाणी वाढवते, तसं मी केलं. एका बशीच्या पावडरीत दहा बश्या ओतल्या. सोमवारी पेरल्या, बुधवारी पाहिलं तर कोऱ्या करकरीत. प्रयोग फसला म्हणून मी सरांच्या आणि माझ्या नशिबाला सारख्याच शिव्या घातल्या, बश्या डब्यात कोंबून डबा कपाटात ढकलला आणि दुपारची एसटी गाठली. सुट्टीत प्राचार्यांच्या हुकुमाने वीज बंद, म्हणजे पेटीही बंद. कपाटात ना उष्णता, ना घाई, ना बुधवार. आणि पंधरा दिवसांनी हा बाजार.

"गयाबाई, हे असं कधी पाहिलंय का हो तुम्ही?"

"ह्यात नवल ते काय? दरसाल दिवाळीनंतर असंच असतंय. मे म्हैन्यात बी. यंदा जरा लईच आलंय, एवढंच."

"दरसाल?"

"मग! तुमी लोक घाईघाईनं बश्या तशाच टाकून गावाला पळता. मी सुट्टी संपायच्या आधी येऊन घासते. हे पिवळं साधं, पान्यानं निघतंय. ही गुलाबी बी गरीब हाय. पन ह्यो खडूवानी पांढरा बगा, ह्यो मेला जेलीत पाय रोवून बसतो. नखानं खरवडल्याबिगर न्हाई निघत. काळ्या रानाच्या पिशवीचा नंबर असंल तर ह्यो हमखास. माळाची माती असली की नारिंगी जास्ती."

मी तोंडाचा आ वासून ऐकत होते. चौथी शिकलेल्या ह्या बाईने, फक्त आकडे वाचून, मातीच्या पिशव्यांचे आणि बश्यांचे नंबर जुळवून ठेवले होते. आमच्या विभागात तीन डॉक्टर होते आणि एकालाही हे ठाऊक नव्हतं.

"मग सरांना कधी सांगितलं नाहीत?"

"सांगून काय करू? सायेबाला घान चालत न्हाई. ते यायच्या आत लखलखीत करून ठिवते. आन् ह्या साली तर कसलीच कटकट नगं बाई. माझ्या कायमचं चाललंय न्हवं!"

ते खरंच होतं. गयाबाई साबळे एकोणीस वर्षं रोजंदारीवर बश्या घासत होत्या. नवऱ्याच्या कमरेने पाच वर्षांपूर्वीच राजीनामा दिला होता, घर त्यांच्यावरच होतं. त्या वर्षी विद्यापीठाने जुन्या रोजंदारांना कायम करायचं ठरवलं आणि यादीत त्यांचं नाव लागलं. फक्त विभागप्रमुखांचं एक प्रमाणपत्र लागायचं, 'काम समाधानकारक' असं, जानेवारीच्या आत. तो कागद सरांच्या टेबलावर पडला होता. "कायम झाले की म्हातारपनी कुनाच्या दारात जाऊन बसाय नगं," असं त्या दिवसातून दोनदा म्हणायच्या, आणि म्हणताना हात जोडायच्या. कुणाला, ते मी कधी विचारलं नाही.

"ह्या बश्या घासू नका," मी म्हटलं. "ह्या सरांना दाखवते."

"दावा. पन माझं नाव नगं."

"तुमचं नाव कशाला येतंय मध्ये!" मी म्हटलं. शहाणी ना मी!

दुसऱ्या दिवशी सरांनी बशी उजेडात धरली. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"हे काय आहे?"

"सर, पेठवाडीची माती. त्रेचाळीस प्रकार आहेत. पावडर दहावा हिस्सा घेतली, पेटीत दोनच दिवस ठेवल्या आणि पुढे कपाटात पंधरा दिवस..."

"पंधरा दिवस?" सर असे बघायला लागले, जसं काही मी पंधरा दिवस आंघोळ केली नव्हती. "अगं, पंधरा दिवस उघड्यावर ठेवलं तर भाकरीवरसुद्धा बुरशी येते. कंटॅमिनेशन आहे हे. बाहेरचा कचरा पडलाय."

"डबा घट्ट बंद होता, सर."

"हेमलता, तुझी मुदत फेब्रुवारीत संपतेय. माझ्या हाताखाली अकरा जणांनी पीएच.डी. केली. अकराही जणांना सहाच मिळाल्या. तू काय आभाळातून पडलीस?"

वास्तविक तिथेच हात जोडून गप्प बसायचं. पण आम्हा टेकाळ्यांच्या घराण्यात तो गुण नाही. मी परत चोवीस बश्या घेतल्या. बारांत माती पेरली, बारा मुद्दाम कोऱ्या ठेवल्या. सगळ्या गयाबाईंनी एकाच दिवशी धुतलेल्या, एकाच भट्टीत उकळलेल्या, एकाच भांड्यातली पातळ जेली ओतलेल्या. साध्या कपाटात चौदा दिवस ठेवल्या. कचरा बाहेरचा असेल तर कोऱ्या बश्यांतही उगवायला हवं. चौदाव्या दिवशी मातीच्या बश्यांत तोच बाजार, आणि कोऱ्या बश्या कोऱ्याच. हा सूर्य, हा जयद्रथ! मी आनंदाने गयाबाईंचा ओला हात धरून हलवला. मग बसून सहामाही अहवाल लिहिला आणि त्यात ठळक अक्षरांत त्रेचाळीस टाकलं.

अहवाल प्राचार्यांकडे जातो हे मला ठाऊक होतं. तिथे गेल्यावर काय होतं, ते ठाऊक नव्हतं. समिती होते. प्राचार्य धुमाळ अध्यक्ष आणि हुपरीकर सर सदस्य. म्हणजे ज्यांच्या आकड्याबद्दल प्रश्न होता, तेच निकाल द्यायला बसले होते.

धुमाळ साहेब उसाचे तज्ज्ञ. जिवाणूंशी त्यांचा संबंध दह्यापुरता. पण माणूस तसा गमत्या. "सांगा, टेकाळे बाई, सोप्या भाषेत सांगा."

मी सांगितलं, "साहेब, लग्नात पंगत मांडलीय. जिलबी, मठ्ठा, सगळं. दार उघडलं की पहिल्या पाच मिनिटांत धावत येऊन पाट अडवतात ते सहा खादाड. आपण ते मोजतो, दार लावून घेतो आणि लिहितो की गावात सहाच माणसं राहतात. ज्यांना जिलबी सोसत नाही, जे उशिरा येतात, जे लाजून दाराशी उभे राहतात, ते आपल्या हिशेबातच नाहीत. मी साधी भाकरी वाढली आणि दार पंधरा दिवस उघडं ठेवलं, तर सगळा गाव आला."

धुमाळ साहेब पोट धरून हसले. "वा! पटलं बुवा!" मग त्यांनी सरांकडे पाहिलं आणि त्यांचं हसू आवरलं. "पण हुपरीकर, माती-पत्रिका किती छापल्यात आपण?"

"वीस हजार."

"सहा रकाने?"

"सहा."

"मग सातवा कुठे लिहायचा?" त्यांनी मला विचारलं, अगदी मनापासून.

"म्हणजे भेसळच ती," साहेब म्हणाले. "आता भेसळ आली कुठून, एवढंच शोधायचं. भट्टी नीट तापत नसेल?"

"भट्टी खरेदी समितीचे अध्यक्ष आपणच होतात, साहेब," सर हळूच म्हणाले.

"मग भट्टी उत्तम आहे. पावडर?"

"तीही आपल्याच सहीने आलीय."

"मग पावडरही उत्तम. पद्धत?"

पद्धत सरांची. त्यावर दोघंही खिडकीबाहेर पाहायला लागले.

"बश्या कोण धुतं?"

मी घाईने म्हटलं, "साहेब, कोऱ्या बश्याही गयाबाईंनीच धुतल्यात. एकाच दिवशी. त्यांत काहीच उगवलं नाही. म्हणजे बश्या स्वच्छच होत्या. आणि मळ राहिला तरी भट्टीत सगळं मरतंच ना!"

"म्हणजे बारा नीट धुतल्या आणि बारा नाही धुतल्या," साहेबांनी निर्णय दिला. "हाताखालच्या माणसांचं असंच असतं."

वड्याचं तेल वांग्यावर काढायची ही हातोटी मी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहत होते. आणि मग मी आयुष्यातला सगळ्यात मोठा मूर्खपणा केला. मला वाटलं, ह्यांना साक्षीदार हवा. एकोणीस वर्षं डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार.

"साहेब, तुम्ही गयाबाईंनाच बोलवा. त्यांनी हे दरवर्षी पाहिलंय."

गयाबाई आल्या त्या हात पदराला पुसत. मी दाराशी जाऊन त्यांच्या कानात म्हटलं, "घाबरू नका. जे पाहिलंत तेच सांगा."

"माझं नाव नगं म्हनलं व्हतं, ताई."

"तुमच्या सांगण्यावरच आहे सगळं आता."

आणि त्यांनी सांगितलं. आधी अडखळत, मग भीड चेपली तशा खुलून. पिवळं पाण्याने निघतं, पांढरं नखाने काढावं लागतं, काळ्या रानाचं कसं आणि माळाचं कसं. मध्येच साहेबांच्या टेबलावरची बशी उचलून त्यांनी बोटाने दाखवलं, "ह्यो जांभळा लई वर्सांनी दिसला. मागं एकदा आलाता, वढ्याकाठच्या मातीला." कॉलेजच्या इतिहासात त्या विषयावर इतकं अचूक व्याख्यान झालं नसेल. मला इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले.

धुमाळ साहेबांनी शांतपणे विचारलं, "बाई, हे किती वर्षं पाहताय तुम्ही?"

"एकोनीस."

"दरवर्षी?"

"दरवर्षी, सायेब."

"आणि तुम्ही वरिष्ठांना कळवलं नाही?"

गयाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "न्हाई सायेब. घासून टाकलं."

साहेब टंकलेखकाकडे वळले. "लिहा. एकोणीस वर्षं भेसळ होत असून ती सदर कर्मचाऱ्याने दडवून ठेवली."

बाहेर आल्यावर गयाबाई व्हरांड्यात थांबल्या. चेहरा लाल झाला होता, पण खुशीत होत्या. इतक्या मोठ्या खुर्चीसमोर त्या कधी इतकं बोलल्या नव्हत्या.

"बराबर बोलले न्हवं?"

"बरोबर बोललात," मी म्हटलं.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या हातात लिफाफा पडला. त्या तो माझ्याकडेच घेऊन आल्या, दुसऱ्या कुणाकडे नेणार? "वाचा, ताई. कायमचा कागुद हाय का?"

मी वाचला. काम असमाधानकारक, भेसळीस जबाबदार, कायम करण्याच्या यादीतून नाव वगळण्याची शिफारस. ते सरकारी मराठी त्यांना कळलं नाही म्हणून मला साध्या भाषेत परत सांगावं लागलं. ते दोन वाक्यांत झालं.

त्या रडल्या नाहीत. स्टुलावर बसल्या आणि स्वतःची बोटं बघत राहिल्या. पाण्याने आणि सोड्याने त्यांची नखं पार झिजली होती.

"माझ्या बश्या खराब म्हनतात?"

"हो."

"माझ्या?" त्या म्हणाल्या. "एकोनीस वर्सांत एक बशी फुटली न्हाई माझ्या हातनं."

मला कुणीतरी थोबाडीत मारावी असं वाटलं. मारणारं कुणी नव्हतं, म्हणून मी सरांच्या खोलीत गेले.

सर वाईट माणूस नव्हते, हे सांगितलंच पाहिजे. मला पाहून त्यांनी स्वतःच विषय काढला. "मला काय त्या बाईशी वैर आहे? मीच कितीदा तिला दिवाळीला साडी दिलीय. पण भेसळ कुठून तरी यायला हवी ना, हेमलता? आपोआप तर येत नाही."

"ती मातीतून आली, सर."

"ते सोडून बोल."

दाराबाहेर मोरीत नळ चालू होता. कागद हातात पडल्यावरसुद्धा ती बाई जाऊन बश्या घासत बसली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी, म्हणतात ते हेच. गयाबाई स्वच्छ असतील तर त्रेचाळीस खरे होते, आणि त्रेचाळीस खरे असतील तर सर वीस वर्षं चुकले होते. सर चुकणं काही शक्य नव्हतं. म्हणून गयाबाई घाण होत्या. ह्यातून वाट एकच होती.

"सर, भेसळ माझ्याकडून आली असेल तर?"

सरांनी मान वर केली.

"माझ्याकडून झाकणं उघडी राहिली," मी म्हटलं. "पेरताना. बारा बश्यांची. हवेतून पडलं असेल."

इतक्या चपळाईने कागद ओढताना मी सरांना कधी पाहिलं नव्हतं. "मला वाटलंच होतं! लिही. 'माझ्या हलगर्जीपणामुळे...' आणि त्या बाईचं नाव स्वच्छ लिही हं, तिचा काही दोष नाही म्हणून. आपल्याला कुणाच्या पोटावर पाय द्यायचा नाही."

"आणि तिचं प्रमाणपत्र?"

"आत्ता करतो. इथेच करतो." त्यांनी खरोखरच तिथेच सही केली. मग पेन बंद करत विचारलं, "प्रबंधात किती लिहिणार?"

"सहा," मी म्हटलं.

"शाबास. तुझं भविष्य उज्ज्वल आहे."

फेब्रुवारीत गयाबाई कायम झाल्या. पेढ्यांचा पुडा घेऊन त्या आधी माझ्याकडे आल्या, सरांकडे नंतर गेल्या. नवीन साडी नेसल्या होत्या, केस चापून बसवले होते. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मी दोन पेढे एकदम तोंडात टाकले.

"तुमी काय जादू केली वो ताई?"

मी सांगितलं. झाकणं, हलगर्जीपणा, सगळं.

"आन् बश्यांतलं? ते काय लिवलं?"

"सहा."

त्या पुड्याला दोरा गुंडाळत होत्या, तो हात थांबला. "आन् बाकीचे?"

"बाकीचे भेसळ."

मग त्यांनी दोऱ्याची गाठ मारली आणि "बरं," म्हणून सरांच्या खोलीकडे गेल्या.

पुढचं सगळं रीतसर झालं. मला पदवी मिळाली, नोकरी मिळाली, आईच्या सातव्या स्थळाशी लग्नही झालं. सर निवृत्त झाले तेव्हा त्यांना शाल देताना मी भाषण केलं आणि त्यात सहा हा आकडा तीनदा घेतला. नंतर विभागप्रमुखाची खुर्ची माझ्याकडे आली. बश्या धुवायला यंत्र आलं. मग काळ बदलला आणि माती बशीत न पेरताच तिच्यातल्या सगळ्या जिवांची जात ओळखायची सोय निघाली. आम्ही पेठवाडीची माती एका मोठ्या प्रयोगशाळेत पाठवली. उत्तर आलं: एका चिमटीत हजारो जाती. माझे त्रेचाळीससुद्धा म्हणजे अंगणात उभं राहून गाव पाहिल्यासारखे होते. विद्यापीठात त्यावर तीन बैठका झाल्या आणि माती-पत्रिकेवर सातवा रकाना छापायचं ठरलं. त्या रकान्याचं नाव 'इतर' आहे.

तो अहवाल हातात पडला त्या दिवशी दुपारीच मी गयाबाईंच्या घरी गेले. त्या तुरीच्या शेंगा सोलत ओट्यावर बसल्या होत्या. निवृत्त होऊन सात वर्षं झाली होती, पण पाठ ताठ होती. नवरा गेला होता. पेन्शनच्या पैशातून दोन खोल्यांवर स्लॅब टाकला होता, तो त्यांनी मला आत नेऊन दाखवला. मग मी अहवाल काढला आणि घाईघाईने, शाळेचा निकाल सांगावा तसं सांगितलं, "गयाबाई, हजारो आहेत! एका चिमटीत हजारो. तुम्ही तेव्हा सांगितलंत ते शंभर टक्के खरं होतं."

त्या शेंगा सोलतच राहिल्या.

"माझं खरं व्हतं ते मला तवाच ठावं व्हतं, ताई. ते सांगाय एवढ्या उन्हातनं आलात?"

मी अहवालाची घडी घातली.

"तुमी खोटं लिवलंत, ते कुनाला सांगितलंत का?"

"नाही."

"का?"

"गयाबाई, तेव्हा तुमची नोकरी..."

"तवाचं मी इचारलं न्हाई. तवा तुमी माझ्यासाठी केलं, ते मी मरंस्तोवर इसरनार न्हाई." त्यांनी सूप बाजूला सारलं आणि सरळ माझ्याकडे पाहिलं. "पन आता मी सात वर्सं रिटायर हाय. हुपरीकर सायेब सर्गात गेलं. माझी पेन्शन आता कोन काढून घेत न्हाई. मग तुमी कुनासाठी गप हाय?"

मला इतकी लाज वाटली की चहा न घेताच मी निघाले. त्यांनी थांबवलं नाही.

म्हणून सांगते. माझा प्रबंध विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे, हिरव्या बांधणीचा. त्याचं पान एकशे बारा काढून पाहा. तिथे लिहिलंय की बारा बश्यांची झाकणं माझ्या हलगर्जीपणामुळे उघडी राहिली. झाकणं बंद होती. बश्या स्वच्छ होत्या. त्या गयाबाई साबळे यांनी धुतल्या होत्या.